वादीतली धरलेली जागा

मागच्या खोरफक्कानच्या पोस्टखाली तिघी-चौघींनी विचारलंय, की थंडीत वादीत कॅम्पला जायचं तर जागा कुठली चांगली. सगळ्यांना एकदमच उत्तर देते. मी फोनला बोलून लिहिते, सातवीपर्यंतच शिकलेय, चुका होतात त्या पोरगी सुधारते. तिला वेळ नसला तर तशाच राहतात. पण ही पोस्ट चांगल्या जागेची नाही, हे आधीच सांगते. हसायला आली असाल तर खोरफक्कानचीच परत वाचा.

आमच्या गावची इथे जमात आहे. गाव म्हसळ्याकडचं, खाडीकाठचं. दुबई, शारजा, अबुधाबी मिळून बरीच घरं इथे आहेत, आणि थंडीत वर्षातून एकदा सगळे मिळून पिकनिक करतात. बायकामुलं, लेबर कॅम्पातले सडे पुरुष, सगळे. बिर्याणीची देग माझ्याकडे आणि इब्राहिम मामूंकडे. मामू माझ्या आईचे मावसभाऊ, पण आता अख्ख्या जमातीचेच मामू झालेत. दुबईत करामाला आम्ही राहतो, ते आमच्या मागच्या बिल्डिंगीत बेडस्पेसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहतात, साठी उलटलीय.

यंदा जमातीचे चेअरमन मुख्तारभाई. माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. खलिफा सिटीत राहतात, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि घरातसुद्धा मीटिंग घेतल्यासारखं बोलतात. त्यांनी रास अल खैमाच्या डोंगरात एक वादी शोधून काढली होती. वादी म्हणजे इकडची डोंगरातली कोरडी नदी, पाऊस झाला तरच पाणी. वादीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. विचारू नका.

पिकनिक रविवारी ठरली आणि त्याच आठवड्यात वादळाची बातमी आली. रविवारी रात्री पाऊस, वारा, गारा, डोंगरात जाऊ नका. ग्रुपवर बायका घाबरल्या. मुख्तारभाईंनी व्हॉइस मेसेज टाकला की घाबरायचं कारण नाही, आपण असरच्या नमाजाच्या आत, उन्हं कलायच्या आधी परत निघतो, वादळ रात्री आहे, मध्ये भरपूर गॅप आहे. मला ते गॅप काही पटलं नाही. पंधरा-वीस लेकरं येणार, त्यातली अर्धी चालायला नुकती शिकलेली. मी सांगितलं, जागा माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय देग चढणार नाही. मुख्तारभाई म्हणाले, ठीक आहे भाभी, शनिवारी साइट व्हिजिट करू. जसं काय बुर्ज बांधायचाय.

शनिवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर निघालो. मुख्तारभाईंची मोठी फोर-बाय-फोर, पुढे ते आणि माझा नवरा शरीफ, मागे मी आणि मामू, डिकीत देग, पाण्याचे हंडे, ताडपत्री, मामूंची गादी. मामू रात्री तिथेच राहणार होते. ही आमच्याकडची पद्धत आहे, दुसऱ्यांचीही असेल. थंडीत सुट्टीच्या दिवशी सावलीची चांगली जागा मिळत नाही, म्हणून एक माणूस आदल्या रात्री जाऊन झोपतो आणि जागा धरून ठेवतो. या कामात मामूंचा हात धरणारा कुणी नाही. चारी कोपऱ्यांना चपला मांडतात, चहाचे चार मग ठेवतात, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं माणसं आहेत. तरी कुणी आलं की सांगतात, इथे साप निघाला. नाहीतर बकरी मरून पडलीय, वास येईल. एकदा तर कुणाला तरी म्हणाले, इकडे पोलीस येऊन दंड करतात, आणि स्वतः मांडी घालून चहा पीत बसले होते. आम्ही किती हसलो होतो.

रस्ता सांगते. करामातून एमिरेट्स रोडने गेलात तर ट्रक लागतात, पण टोल नाही. आम्ही तसेच गेलो. रास अल खैमाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबून कडक चहा आणि पराठा, चौघांचे मिळून वीसेक दिरहम, म्हणजे साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. गावात तेवढ्यात आठवड्याची भाजी येईल, पण इथे हा हिशेब करायला लागलात तर उपाशी मराल. डोंगराकडे वळल्यावर रस्त्याच्या कडेला लाकडाच्या मोळ्या विकायला असतात. पंचवीस सांगतात, वीसला देतात. दोन घेतल्या. पुढे डांबरी संपते, खडीचा रस्ता लागतो, साध्या गाडीने जाऊ नका. आणि पाऊस पडत असताना वादीत गाडी घातलीत तर दोन हजार दिरहम दंड आहे, वर गाडी जप्त. तरी लोक जातात. इथे पाऊस पडला की सगळे घरातून निघून वादीचं पाणी बघायला धावतात. आपल्याकडे पावसात माणूस घरात शिरतो.

आभाळ तेव्हा निळंभोर होतं. वाराही नाही. डोंगर दोन्ही बाजूंना सरळ उभे, भाजल्यासारखे काळपट, गवताची काडी नाही. मला हे डोंगर कधीच आवडले नाहीत. आमचे डोंगर कसे, झोपलेल्या म्हशीसारखे गोल. हे नुसते फोडून ठेवल्यासारखे.

जागा दिसायला छान होती, खोटं कशाला बोलू. वादीच्या तळापासून दोन पुरुष उंच, सपाट ओटा, कडेला बाभळीसारखं एक काटेरी झाड, आणि पाठीमागे लगेच डोंगर, त्यामुळे दुपारनंतर सावली. मुख्तारभाई खाली तळात उतरले. मागच्या पुराचा कचरा झुडपांत अडकला होता, प्लास्टिकच्या पिशव्या, सुकलेलं गवत. ते त्यांनी बोटाने दाखवलं. कचरा जिथवर, पाणी तिथवर. ओटा त्याच्या पुष्कळ वर. मामूंनी पण जाऊन बघितलं. खाडीवरचा माणूस, भरतीची रेघ त्यांना बरोबर कळते. म्हणाले, इथवर पाणी येत नाही, लिहून घ्या. शरीफ म्हणाला, मग झालं तर. तिघे पुरुष ओट्याच्या काठाला उभे राहून खाली बघत होते आणि खूश होते.

आणि ते खरंच होतं. पाणी तिथवर आलंच नाही. शेवटपर्यंत नाही आलं.

मी मागे गेले, त्याचं कारण साधं आहे. कॅम्पात बायकांना जायचं कुठे हा विचार पुरुष करत नाहीत. एवढ्या बायका येणार, आडोसा बघायला पाहिजे, म्हणून मी झाडामागून डोंगराच्या पायथ्याशी गेले. तिथे दगडच दगड. लांबून सगळे एका रंगाचे दिसतात, जवळून तसे नव्हते. जुने दगड काळपट, कडा झिजलेल्या, खाली धूळ बसलेली. पण मधेमधे पांढरे दगड होते. ताजे फुटलेले, कडा सुरीसारख्या, वर धुळीचा कण नाही. काही नारळाएवढे, एक तर शिलाई मशीनएवढा. मी वर बघितलं. डोंगरात एक घळ उभी खाली येत होती, बरोबर आमच्या ओट्यावर, आणि ती वरपासून खालपर्यंत सुट्या दगडांनी भरलेली. मग झाडाकडे वळून बघितलं. डोंगराच्या बाजूची साल सोललेली होती. दुसऱ्या बाजूची शाबूत.

माझं माहेर पोलादपूरच्या वरचं, घाटातलं. लग्नानंतर खाडीवर आले. लहान होते तेव्हा आमच्या वरच्या वस्तीवर दरड आली होती. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच, की तेव्हापासून मी कुठेही झोपले तरी आधी वर काय आहे ते बघते. करामात सुद्धा बघते. वर मल्याळी कुटुंब आहे.

मामू तोवर चुलीसाठी जागा करायला लागले होते. वारा लागू नये म्हणून डोंगराच्या अगदी पोटाशी. मुख्तारभाईंच्या गाडीत वाळूत अडकलं तर लागणारं फावडं असतं, ते घेऊन उतारात खणत होते. मी म्हटलं, मामू, जरा अजून आत घाला. त्यांनी घातलं. वर वीतभर सुटी खडी, कोरडी ठाक. त्याखाली बारीक माती, ओली, हाताला चिकटणारी. मागच्या आठवड्यात इकडे सरी पडल्या होत्या, वरून सगळं सुकलं होतं, आत ओल तशीच. आणि त्याच्याखाली खणताच येईना, फावडं खणखण वाजायला लागलं. गुळगुळीत खडक, तिरका, थेट वर गेलेला. मी हात फिरवून बघितला. म्हणजे उतरत्या ताटाला तेल लावलंय आणि त्यावर तांदूळ ओतलेत. अजून पाणी पडायचं बाकी आहे एवढंच.

मी एक हंडाभर पाणी त्या उतारावर ओतलं. पाणी दिसेनासं झालं, थोडा वेळ काही नाही, आणि मग बाजूची खडी आपोआप सरसर खाली यायला लागली. थांबली. परत थोडी आली.

मी पुरुषांना बोलावलं आणि म्हटलं, दरड आहे इथे. उद्या कुणाला आणायचं नाही, आणि मामू आज रात्री इथे झोपणार नाहीत.

मुख्तारभाई आधी हसलेच. मग समजावायला लागले. भाभी, दरड म्हणजे काय? लाल माती. जुलैचा पाऊस. चार-चार दिवस मुरतं पाणी, मग डोंगर सुटतो. झाडं वाकतात, झऱ्याला गढूळ पाणी येतं. इथे माती कुठाय, झाड कुठाय, झरा कुठाय? हा सगळा सॉलिड रॉक आहे. शरीफने री ओढली, हिला काय, सोफ्यामागेसुद्धा दरड दिसते. मामू हसून म्हणाले, दरडीला पण विसा लागेल इकडे यायला.

मला सांगा, यात चुकीचं कुणी बोललं का? आमच्याकडे दरड तशीच येते. मातीची, चिखलाची, आषाढातली. आम्ही सगळे पावसातली माणसं, म्हणून आम्हाला वाटतं पाऊस आम्हाला शिकवायचा नाही. पुराचं पाणी बघितलेलं आहे, म्हणून पाण्याची रेघ बरोबर शोधली. पण कोरड्या डोंगरातून सुटे दगड पाण्याबरोबर भातासारखे उतू येतील, हे आमच्या डोक्यातच बसत नाही. माझ्याही नसतं बसलं. मला ते पांढरे दगड दिसले म्हणून.

मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही, लगेच डोकं फिरतं. मी देगीवर जाऊन बसले. पालथी घातलेली होती, तिच्यावर बसले आणि म्हटलं, मी देग चढवणार नाही. उद्या काय पिकनिक करायची ती बिस्किटांवर करा.

मुख्तारभाईंनी तोंड वाकडं केलं. त्या वादीत फोन लागत नाही, म्हणून कमिटीशी बोलायला ते गाडी घेऊन वादीच्या तोंडापर्यंत गेले. शरीफ त्यांच्याबरोबर. मी आणि मामू राहिलो. मामूंनी गादी झाडाखाली अंथरली होती, डोक्याची बाजू डोंगराकडे. चपला मांडून झाल्या होत्या. मी म्हटलं, मामू, गादी उचला.

"तुला भीती वाटते तर तू जा," मामू म्हणाले. "मी एकदा धरलेली जागा कधी सोडलेली नाही."

"जागा काय तुमच्या बापाची आहे?"

"जमातीला शब्द दिलाय."

"जमात येणारच नाही. रिकामी जागा धरून कुणासाठी मरताय?"

त्यांनी कोपऱ्यातली चप्पल सरळ केली. मग म्हणाले, तुझी आई पण अशीच होती, तोंडाने माणसाला घराबाहेर काढायची. पण उठले नाहीत. मी गादीचं एक टोक धरून ओढलं, मामूंसकट. साठी उलटलेला माणूस खडीवर घसरत आला तेव्हा उठला, आणि रागाने माझ्याकडे पाठ करून बसला. मी गादीची वळकटी करून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं, की या माणसाला इथून न्यायचं. हात बांधून न्यावं लागलं तरी चालेल.

मुख्तारभाई परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. तोंडाशी गेल्यावर फोनवर अलर्ट वाजला होता, तो मोठा भोंग्यासारखा वाजतो तो. वादळ आधी येतंय. रविवारी रात्री नाही, रविवारी पहाटेच. ते गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, पिकनिक कॅन्सल, पण वेदरमुळे कॅन्सल. भाभीच्या दरडीमुळे नाही, हे क्लिअर असू द्या. मी म्हटलं, चालेल, वेदरमुळे. यल्ला, उचला.

ताडपत्री अजून बांधलेली होती, देग पडलेली होती, चपला कोपऱ्यांना तशाच होत्या, तेवढ्यात एक जुनी गाडी खडखडत आली. चार जण उतरले. तिशी-पस्तिशीचे. बोलण्यावरून लखनौकडचे वाटले. एकाने पिवळा टी-शर्ट घातला होता, तोच पुढे आला, अदबीने सलाम केला आणि विचारलं, जागा रिकामी होतेय का. मुख्तारभाई म्हणाले, हो, घ्या ना.

मी मध्ये पडले. माझ्या हिंदीत सांगितलं, इधर मत बैठो. ऊपर से पत्थर आयेगा. सुबह बारिश है, पूरा पहाड़ नीचे आयेगा.

तो पिवळ्या शर्टवाला आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ताडपत्रीकडे बघितलं, देगीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या चपलांकडे बघितलं, आणि हसला.

"आंटी, जगह रोकनी है तो सीधे बोल दीजिए. हम आगे चले जायेंगे."

मी म्हटलं, जगह नहीं रोकती, हम जा रहे हैं. त्याच्या पाठीमागचा एक जण म्हणाला, सामान लेने जा रही होंगी, कल फैमिली लेके आयेंगी. ते सगळे हसले. वाईट नाही हसले, ओळखीचं हसले. कारण सगळेच तसं करतात. साप, विंचू, मेलेली बकरी. मी दरड सांगितली, तर ती त्यांना त्याच यादीतली वाटली.

मुख्तारभाईंना लाज वाटली असणार. गावची माणसं कंजूष आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून ते मोठ्याने म्हणाले, नाही नाही, आम्ही खरंच चाललोय, खलास, जागा तुमची. आणि ते खरं वाटावं म्हणून मामूंनी लाकडाच्या दोन्ही मोळ्या त्यांना दिल्या. चूल पण मांडून ठेवली होती, ती पण दिली. ताडपत्री सोडायला वेळ लागेल म्हणून ती पण तशीच दिली. तो पिवळ्या शर्टवाला मामूंच्या गळ्यात पडला. मी अजून एकदा सांगितलं, वर बोट दाखवून, तो पांढरा दगड दाखवून. तो म्हणाला, जी आंटी, ध्यान रखेंगे. शरीफ गाडीतून हाक मारत होता. मी गाडीत बसले.

उतरताना रस्त्यात वारा सुटला. धूळ एवढी, की पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसत होते. घरी पोचलो तेव्हा करामात चार थेंब पडले आणि थांबले. संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. कुणी उन्हाचा फोटो टाकला. कुणी माझं नाव घालून लिहिलं, हमीदाआपाच्या दरडीने बिर्याणी खाल्ली. ज्यांनी लेकरांना नवे बूट घेतले होते त्या बायकांनी तर मला फोन करून ऐकवलं. मी फोन बंद करून झोपले.

पहाटे वादळ आलं. करामात रस्त्यावर गुडघाभर पाणी, खालच्या किराणावाल्याची फळी तरंगत होती. इथे हे, तर तिथे काय, ते कळायला दुपार झाली. व्हिडिओ आला, कुठून कुठून फिरत. कुणीतरी लांबून काढलेला. वादीत पाणी उसळत होतं, चहाच्या रंगाचं, पण ओट्याच्या खालीच. ओटा मात्र ओटा राहिला नव्हता. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या दगडांचा ढीग, त्यातून आमची निळी ताडपत्री अर्धी बाहेर. पोलीस, पिवळी यंत्रं. झाड मी शोधत होते, ते दिसलंच नाही.

चौघांतले दोघे थंडी वाजते म्हणून गाडीत जाऊन झोपले होते, आणि गाडी रस्त्याला होती. ते वाचले. दोघे झाडाखाली होते. एक जागीच गेला. दुसऱ्याला दगडांतून काढला.

मग ग्रुप उलटला. आता मी वली झाले, अल्लाहची पोचलेली बाई. हमीदाआपाला अल्लाहने इशारा दिला, हमीदाआपामुळे आपली लेकरं वाचली. काल टोमणे मारणाऱ्या बायका रडत फोन करायला लागल्या. मुख्तारभाईंचा फोन आला, आवाज बसलेला. म्हणाले, भाभी, वाचलो त्याचा शुकराना करायला पाहिजे, सगळ्यांना जेवण. हॉल घेऊ, देग तुमच्याच हातची. मी म्हटलं, आधी त्या माणसाला बघून येऊ. ते म्हणाले, कशाला, आपला काय संबंध, पोलीस केस असेल, उगाच नाव यायचं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपली ताडपत्री त्यांच्या अंगावर होती, संबंध नाही कसा?

शरीफ बस चालवतो, पुढच्या शुक्रवारी त्याची ड्यूटी लवकर सुटली. कामावरून तो थेट घरी आला आणि आम्ही तिघे, तो, मी आणि मामू, रास अल खैमाला इस्पितळात गेलो.  तो पिवळ्या शर्टवालाच होता. नाव नदीम. शारजात टेलर. एक पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये, डोकं बांधलेलं, एक डोळा सुजून बंद. गेला तो त्याचा बहनोई, सख्ख्या बहिणीचा नवरा, वर्षभरापूर्वी यानेच इकडे आणलेला. बहिणीला गावी फक्त एवढंच सांगितलंय की दोघांना लागलंय. बॉडी कधी जाणार, कोण नेणार, सांगणार कोण, काही ठरलं नव्हतं. त्याने त्या एका डोळ्याने मला ओळखलं. मी सफरचंदं नेली होती, ती कुठे ठेवू कळेना, हातातच धरून उभी राहिले.

तो म्हणाला, "आपने बोला था, आंटी."

मी सफरचंदांची पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली.

"हमको लगा जगह रोक रही हैं. हम भी ऐसे ही बोलते हैं. पिछले महीने मैंने ही किसी को बोला था, ऊपर से पत्थर गिरता है, उधर मत बैठो." त्याने तोंड भिंतीकडे केलं. "वो लोग चले गये थे."

मामू बाहेर जाऊन उभे राहिले. शरीफने त्याच्या उशाखाली काही पैसे ठेवले. आम्ही निघालो. परतताना त्याच पेट्रोल पंपावर शरीफने चहा घेतला, कुणी प्यायलं नाही.

शुकराना झाला. देग मी चढवली नाही, हॉटेलातून मागवली. मी गेले नाही, मामूही गेले नाहीत. मुख्तारभाई नाराज आहेत, म्हणतात अल्लाहने वाचवलं त्याचं शुक्र मानायला नको? माना ना. मी अडवत नाही. पण जितक्यांदा कुणी म्हणतं आपण वाचलो, तितक्यांदा मला वाटतं की ती जागा साफ आम्ही केली, चूल आम्ही मांडली, लाकडं आम्ही दिली. रिकामी ठेवून आलो असतो तर त्या दगडांत चूल मांडायला कुणी बसलं नसतं.

आता ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. जायचं तर जा, थंडीत डोंगर सुंदर असतो. पाण्याची रेघ बघा, ती बघायलाच पाहिजे, पण ती बघून झाली की पाठ फिरवून वर बघा. घळ खाली कुठे उतरते ते बघा, तिच्या तोंडाशी बसू नका, सावली कितीही असो. दगड काळा की पांढरा ते बघा. झाड असेल तर त्याची डोंगराकडची साल बघा. हातभर खणा, आत ओल आहे का बघा. वादळ येणार म्हटल्यावर तर बघायलासुद्धा जाऊ नका, घरी बसा. टायमिंग बघून गॅप शोधणाऱ्या माणसाच्या गाडीत बसू नका, मग तो तुमचा दीर असला तरी.

एक गोष्ट मला अजून सुचलेली नाही. जिथे सगळेच खोटं बोलून जागा धरतात, तिथे खरं कसं सांगायचं? रडायचं? पाय धरायचे? पोलिसांना फोन करायचा? फोन तर वादीच्या तोंडापर्यंत गेल्यावर लागत होता. लागत होता म्हणजे करता आला असता.

आलिया, माझी पोरगी, हे सगळं सुधारून टाइप करत होती. इथे येऊन थांबली. म्हणाली, "ममा, यू टोल्ड देम. ट्वाइस."

सांगितलं, मी म्हटलं. सांगितलं आणि गाडीत बसले. ते उठेपर्यंत देगीवर नाही बसून राहिले.